जुन्या फोर-व्हील गाडीतला आवाज: खोलण्याआधी नेमका शोधायचा कसा

जुनी जिप्सी किंवा महिंद्राची जीप घेऊन इंदूरच्या गॅरेजात गेलात आणि ‘मागून घों-घों येतंय’ म्हणालात, की बहुतेक वेळा ठरलेले उत्तर मिळते: ‘हाउसिंग बोल रही है.’ हाउसिंग म्हणजे डिफरन्शियल, दोन चाकांच्या मधला, त्यांना फिरवणारा गिअरांचा गोळा. मग त्यातली मोठ्या-छोट्या दातेरी चाकांची जोडी, म्हणजे क्राऊन-पिनियन, बाहेर निघते, खर्च होतो, आणि दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये असेल तर गाडी घरी जाताना पुन्हा तशीच घोंघावते.

या गाड्यांत शिडीसारखी लोखंडी चेसिस असते, तिला पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, आणि पाट्यांवर जड एक्सेल. पुढच्या हबचा आवाज चेसिसमधून फिरून ड्रायव्हरच्या पाठीमागे ऐकू येतो. ट्रान्सफर, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या एक्सेलांत वाटणारा गिअरांचा डबा, तर थेट सीटखालीच, त्यामुळे काहीही वाजले तरी तेच वाजते आहे असे वाटते. म्हणून आवाज कुठून येतो यावर फार विसंबू नका. तो कधी येतो, कशाने वाढतो आणि काय केल्यावर थांबतो, हे लिहून काढा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. पाना लागतो तो अगदी शेवटी.

आधी आपली गाडी ओळखा

इंजिनाची ताकद क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, एक्सेल शाफ्ट, हब आणि चाक या वाटेने जाते. जुन्या जीपमध्ये ट्रान्सफर गिअरबॉक्सच्या पाठीला बोल्टने जोडलेला असतो. शाफ्ट दोन, म्हणून त्यांवरचे यू-जे क्रॉस, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारे सांधे, चार. जिप्सीत ट्रान्सफर वेगळा लटकलेला असतो आणि गिअरबॉक्सपासून त्याच्यापर्यंत एक आखूड शाफ्ट येतो. म्हणजे शाफ्ट तीन आणि क्रॉस सहा. हा मधला आखूड शाफ्ट लोक हमखास विसरतात. त्याला ग्रीस मिळत नाही, आणि ठकठक मात्र दुसरीकडेच शोधली जाते.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत हवी. जिप्सीत आणि डाना १८ मॉडेलचा ट्रान्सफर असलेल्या जीपमध्ये टू-हायमध्येसुद्धा (फक्त मागची चाके ओढतात तेव्हा) ताकद दातांतूनच फिरून मागे जाते, सरळ आरपार जात नाही. त्यामुळे हलकीशी ‘उंऽऽ’ या गाड्यांत कायम असते, आणि फोर-लोमध्ये (चारही चाके, कमी वेगाचे गिअर) ती चांगलीच वाढते. हा दोष नाही. वर्षानुवर्षे तसाच असलेला आवाज आणि गेल्या महिन्यात सुरू झालेला आवाज यांत फरक करा. काळजी दुसऱ्याची करायची.

पुढच्या चाकांवर हाताने फिरवून चाक एक्सेलला जोडायचे किंवा सोडवायचे हब आहेत का, तेही पाहा. हब ‘फ्री’ असतील तर टू-हायमध्ये पुढचे एक्सेल शाफ्ट, पुढचे डिफरन्शियल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरत नाहीत. हब काढून टाकून साधी फ्लॅंज (जोडणीची चकती) बसवलेली असेल तर हे सगळे सदैव फिरत राहते. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने काय केले असेल ते सांगता येत नाही, स्वतः वाकून बघा.

पहिली पायरी: धुवा आणि हवा तपासा

ही पायरी गाळू नका. माळव्यातली काळी माती पावसात रिमच्या आतल्या बाजूला थापली जाते आणि उन्हात विटेसारखी वाळते. इंदूरजवळच्या चोरल किंवा पाताळपाणीच्या बाजूला चिखलात जाऊन आलेली गाडी ५०–६० च्या वेगाला थरथरू लागली, तर आधी चारही रिम आतून खरवडा आणि प्रोपेलर शाफ्टवर चिकटलेले ढेकूळ काढा. निम्म्या रिमलाच माती असली की चाकाचा तोल गेलाच. सोबत टायरवर तळहात फिरवा, एकदा पुढे, एकदा मागे. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखे लागले, तर टायरचे गट्टे तिरके झिजले आहेत. असा टायर हुबेहूब खराब बेअरिंगसारखा घोंघावतो.

दुसरी पायरी: ऑइल काढून वाचा

जागा चार: गिअरबॉक्स, ट्रान्सफर, पुढचे डिफरन्शियल, मागचे डिफरन्शियल. गाडी सपाट जागेवर, थोडी चालवून कोमट केलेली. प्रत्येक ठिकाणी आधी वरचा, भरायचा प्लग सैल करा, मगच खालचा. खालचा आधी काढला आणि वरचा गंजून जाम निघाला, तर रिकामी गाडी घेऊन बसावे लागते.

वरचा प्लग काढून करंगळी आत घाला. ऑइल भोकाच्या खालच्या काठापर्यंत टेकले पाहिजे. बोट वाकवूनही लागत नसेल तर ऑइल कमी आहे, आणि आवाजाचे कारण कदाचित इथेच सापडले. जुन्या जीपमध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरमधले सील गेले की एकातले ऑइल दुसऱ्यात उतरते. ट्रान्सफर काठोकाठ भरलेला आणि गिअरबॉक्स अर्धा रिकामा. बाहेर एक थेंबही सांडत नाही, म्हणून कुणाला पत्ताही लागत नाही.

निघालेले ऑइल स्वच्छ पांढऱ्या थाळीत घ्या आणि उन्हात धरा. प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. बोटांत चुरचुरणारे पापुद्रे आले तर बेअरिंगचा किंवा दातांचा पृष्ठभाग सोलतो आहे. सोनेरी चमक गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये असेल तर ती गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांची. कोपरा असलेला तुकडा हाताला लागला तर गाडी चालवणे तिथेच थांबवा. दुधाळ चहासारखा रंग म्हणजे आत पाणी. नाला ओलांडताना गरम हाउसिंग एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि पाणी ओढले जाते. एक्सेलवरच्या श्वासनळीचे, म्हणजे ब्रीदरचे, तोंड चिखलाने बुजलेले असेल तर पाणी सीलमधून आत येते, आणि एरवी आतला दाब वाढून ऑइल त्याच सीलमधून बाहेर फेकले जाते. सील बदलूनही पुन्हा गळत असेल तर ब्रीदर आधी साफ करा.

भरताना डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचे ८० डब्ल्यू-९० किंवा ९० नंबरचे ऑइल वापरा. पितळी सिंक्रोच्या जुन्या गिअरबॉक्सला जीएल-४ बरे, कारण काही जीएल-५ ऑइलांतली रसायने पितळ खातात. मोजमाप पुस्तिकेत असते. पुस्तिका नसेल तर भोकातून ओघळेपर्यंत भरा, ओघळ थांबू द्या आणि प्लग लावा.

तिसरी पायरी: उभ्या गाडीवर कान

चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावा. इंजिन सुरू करा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. क्लचवरून पाय काढल्यावर खरखर येते आणि पॅडल दाबले की थांबते, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे किंवा काउंटर शाफ्टचे बेअरिंग. उलट, पॅडल दाबल्यावरच किरकिर सुरू होते, तर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग.

आता फक्त फोर-व्हील गाडीत करता येणारी एक युक्ती. ट्रान्सफरचा लिव्हर न्यूट्रलवर ठेवा, गिअर तिसरा टाका आणि क्लच हळू सोडा. गाडी जागची हलणार नाही, पण गिअरबॉक्स पूर्ण फिरेल. जिप्सीत तो मधला आखूड शाफ्टही फिरेल. रस्त्यावर येणारा आवाज इथे उभ्या गाडीत ऐकू आला, तर डिफरन्शियल, मागचा शाफ्ट आणि चाके या सगळ्यांची नावे यादीतून कटली. नाही आला, तर गिअरबॉक्स बराचसा सुटला. बराचसाच, कारण इथे दातांवर भार नसतो.

लक्षात ठेवा, ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये असताना गिअरमध्ये टाकलेली गाडी उतारावर थांबत नाही. गुटके सोडून कशाचाच भरवसा धरू नका.

चौथी पायरी: रस्त्यावर चार अवस्था

वेळ पहाटेची, रस्ता इंदूरच्या सुपर कॉरिडॉरसारखा सरळ आणि मोकळा, आणि शेजारी लिहायला एक माणूस. गाडी निदान १५ मिनिटे चालवून गरम करा. मग ६० चा वेग टॉप गिअरमध्ये धरा आणि तोच वेग चार प्रकारे ऐका: एक्सिलरेटर दाबून, वेग फक्त टिकेल एवढाच पाय ठेवून, पाय पूर्ण काढून, आणि शेवटी क्लच दाबून.

क्लच दाबून इंजिन आयडलवर आले तरी आवाज तसाच राहिला, तर तो रस्त्याच्या वेगाशी बांधलेला आहे: चाक, शाफ्ट, डिफरन्शियल, ट्रान्सफर किंवा, गिअर टाकलेलाच असल्याने, गिअरबॉक्स. इंजिनाबरोबर खाली आला तर इंजिन किंवा क्लच.

दाबल्यावर ‘कूंऽऽ’ आणि सोडल्यावर शांत, किंवा नेमके उलट, तर तो दातांचा आवाज: क्राऊन आणि पिनियन. भारानुसार दाताची बाजू बदलते, म्हणून सूर बदलतो. कोणत्याही अवस्थेत एकसारखी घरघर असेल तर बेअरिंग किंवा टायर. या दोघांतला फरक इंदूरचे रस्तेच दाखवून देतात. सिमेंटच्या रस्त्यावरून डांबरी तुकड्यावर या. आवाजाची जात बदलली तर टायर, तसाच राहिला तर बेअरिंग.

त्यानंतर मोकळ्या जागी ३०–४० च्या वेगाला हलकेच डावीकडे-उजवीकडे झोल द्या. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जाते. तेव्हा घरघर वाढली तर उजव्या बाजूचे बेअरिंग तपासा. वाढण्याऐवजी तीच घरघर गायब झाली तर डावे. आणि आवाज फक्त घट्ट वळणातच मागून ‘कटकट’ येत असेल, तर डिफरन्शियलमधले छोटे गिअर आणि त्यांचे वॉशर.

पाय काढल्यावरची अवस्था ऐकायला सिमरोलच्या पुढचा भेरूघाट उतरणे सोयीचे, पण गिअरमध्येच. घाटात न्यूट्रल किंवा क्लच दाबून चाचणी करायची नाही.

कोरड्या डांबरावर किंवा सिमेंटवर फोर-हाय (चारही चाके, नेहमीचा वेग) टाकून आवाज ऐकू नका. या गाड्यांत मध्ये डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, शाफ्ट पिळला जातो आणि ‘ठाक्’ करून सुटतो. गाडी निरोगी असली तरी हा आवाज येणारच. लिव्हर अडकला असेल तर सरळ रेषेत थोडे मागे घ्या, सुटतो. पुढे-मागे वेगळ्या मापाचे किंवा कमी-जास्त झिजलेले टायर असतील तर सरळ रस्त्यावरही हीच पीळ बसते.

पाचवी पायरी: ठोके मोजा

ही आमच्या मते सगळ्यांत उपयोगी पायरी, आणि सगळ्यांत कमी केली जाणारी. २०५/७० आर १५ टायरचा परीघ जवळपास २.१ मीटर. ताशी ८ किलोमीटरला, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये भरभर चालण्याच्या वेगाला, चाक सेकंदाला साधारण एक फेरा घेते. डिफरन्शियलचा रेशो ४ च्या आसपास असेल तर शाफ्ट त्याच सेकंदात चार फेरे घेतो.

एका मागच्या टायरच्या बाजूवर खडूने जाड रेघ मारा. सोबत्याला गाडीशेजारी, चाकापासून दीड-दोन मीटर बाजूला चालायला सांगा आणि रेघ खाली आली की मोठ्याने ‘हां’ म्हणायला सांगा. एका ‘हां’ला एक ‘टक’ पडला तर चाक, हब, ब्रेकचा ड्रम, एक्सेल शाफ्ट किंवा क्राऊनचा एखादा दात. चार पडले तर शाफ्ट, क्रॉस किंवा पिनियन.

सूर असलेल्या आवाजाला मोबाइल वापरा. आवाजाची वारंवारता दाखवणारे फुकट ॲप मिळते. समजा क्राऊनला ३७ आणि पिनियनला ९ दात आहेत. ६० च्या वेगाला चाक सेकंदाला ७.९ फेरे घेते, ७.९ गुणिले ३७ म्हणजे सुमारे २९० हर्ट्झ. ॲपमधला उंच सुळका तिथेच उभा असेल आणि ३० च्या वेगाला १४५ च्या जवळ उतरत असेल, तर आवाज क्राऊन-पिनियनचाच. आपल्या गाडीचा टायर आणि दात वेगळे असतील, हिशेब तोच.

सहावी पायरी: खाली वाकून हाताने

जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचे नाही. एक्सेलखाली दोन घोड्या (आधाराचे स्टँड), खाली पक्की जमीन, मगच. इंजिन बंद. इंजिन चालवून ऐकायचे असेल तर मागची दोन्ही चाके उचललेली, लिव्हर टू-हायवर, माणूस बाजूला, ओढणी किंवा सैल बाही कुठेही जवळ नाही. एका वेळी एकच चाक उचलून चालवू नका, ते दुप्पट वेगाने फिरते.

क्रॉस तपासताना एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्याने फ्लॅंज धरा आणि उलट दिशांना पिळा. केसाएवढीही चाल (ढिलाई) नको. क्रॉसच्या चार टोकांवरच्या कपांच्या कडेला लाल-तपकिरी भुकटी दिसली तर आत ग्रीस संपून बेअरिंगच्या सुया गंजल्या आहेत. असा क्रॉस सुरुवातीला हळू वेगात चिमणीसारखा चिवचिवतो, पुढे गिअर टाकताना ‘ठक’ करतो आणि शेवटी थरथर सुरू होते. ग्रीस भरताना चारही कपांतून नवे ग्रीस डोकावेपर्यंत पंप मारा. तीनच कपांतून आले तर चौथ्याच्या सुया कोरड्याच आहेत. शाफ्ट काढून सांधा हलवून बघा, मधोमध खाच बसल्यासारखा अडकला तर ग्रीसने भागणार नाही, क्रॉस बदला.

शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लॅंजांवर आणि सरकत्या स्प्लाइनवर (खाचांच्या जोडावर) रंगाची खूण करा. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एकाच रेषेत हवेत. स्प्लाइन एखादा दात फिरवून बसवली की शाफ्ट कायम थरथरतो, आणि मग नव्या क्रॉसला दोष दिला जातो. उंची वाढवायला लांब शॅकल (पाटा चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या) लावलेल्या गाड्यांतही थरथर शाफ्टमध्येच शोधा: ट्रान्सफरची फ्लॅंज आणि पिनियनची फ्लॅंज समांतर राहिलेल्या नसतात. मोबाइलच्या लेव्हलने दोन्हींचा कोन मोजा, एका अंशापेक्षा जास्त फरक नको.

पुढचे चाक वर-खाली धरून हलवा. चाल लागली तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. चाल गेली तर चाकाचे बेअरिंग, राहिली तर किंगपिन (चाक ज्यावर वळते ती खीळ). चाक हाताने फिरवताना दुसरा हात पाट्यावर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी तळहाताला कळते. पुढच्या नकलमधून (एक्सेलच्या टोकाला चाक वळवणाऱ्या सांध्यातून) घट्ट ग्रीसऐवजी पातळ काळे पाणी गळत असेल, तर एक्सेलचे आतले सील गेले आहे आणि डिफरन्शियलचे ऑइल ग्रीस धुऊन नेते आहे. अशा गाडीत मोकळ्या मुरमावर फोर-हायमध्ये पूर्ण वळण घेताना ‘कडकड’ आली तर वळलेल्या चाकापर्यंत ताकद नेणारा पुढचा सी.व्ही. जॉइंट संपला.

पाट्यांचे यू-बोल्ट, इंजिनाचे आणि जिप्सीत ट्रान्सफरचे रबर माउंट हेही याच वेळी पहारीने हलवून पाहा. फाटलेल्या माउंटवर ट्रान्सफर आख्खा कलंडतो, लिव्हर नाचतो आणि फ्लोअरवर ठोके बसतात. आत मात्र सगळे गिअर ठणठणीत असतात.

सातवी पायरी: भाग वगळत जा

हब फ्री ठेवून टू-हायमध्ये चालवा, मग हब लॉक करून पुन्हा टू-हायमध्येच. फक्त लॉक केल्यावर आवाज आला तर पुढचा एक्सेल, पुढचा शाफ्ट किंवा ट्रान्सफरचे पुढचे तोंड. हब नसतील तर पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून फेरी मारा.

मागचा शाफ्ट काढून, फोर-हाय टाकून पुढच्या चाकांवरही गाडी हळू चालवता येते. पण अनेक जुन्या जीपांत हँडब्रेक ट्रान्सफरच्या मागच्या तोंडावर असतो. मागचा शाफ्ट निघाला की तो हँडब्रेक मागची चाके धरत नाही. ज्या गाडीत शाफ्टचे टोक थेट ट्रान्सफरमध्ये सरकते, तिथे तो काढताच ऑइल वाहून जाते, तशी गाडी चालवू नका.

आता डिफरन्शियल

वरच्या सगळ्यातून गेल्यावरही बोट इकडेच दाखवत असेल, तर शाफ्ट सोडून पिनियनची फ्लॅंज हाताने धरा. वर-खाली किंवा आत-बाहेर किंचितही हलली तर पिनियनचे बेअरिंग. मिस्त्रीने तिथेच नट आवळून द्यायची तयारी दाखवली तर नको म्हणा. बऱ्याच एक्सेलांत आत चुरगळणारी नळी असते. नट जास्त फिरला की ती दबते, बेअरिंगवर ताण बसतो आणि काही दिवसांत नवी शिट्टी सुरू होते. पिनियनचे सील बदलल्यानंतर लगेच आवाज सुरू झालेल्या गाड्यांत हेच झालेले असते. सील बदलताना नटाची जागा खुणेने धरून ठेवावी लागते.

क्राऊन-पिनियनमधली मोकळीक साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर असते, नेमका आकडा पुस्तिकेतला घ्यायचा आणि डायल गेजनेच मोजायचा. हाताचा अंदाज इथे चालत नाही. दोन्ही एकाच जोडीचे हवेत, कारण कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एका गाडीचा क्राऊन आणि दुसरीचा पिनियन कधीच गप्प बसत नाहीत. जुळवणी झाल्यावर दातांना रंग लावून ठसा पाहायला मागा. तो दाताच्या मध्यावर हवा, कडेला नको.

मिस्त्रीशी बोलताना ‘आवाज येतोय’ एवढे सांगू नका. ‘साठवर, पाय दाबल्यावर येतो, सोडल्यावर जातो, क्लचने फरक नाही, सिमेंट-डांबर सारखेच, हब फ्री असतानाही येतो’ असे लिहिलेला कागद द्या. काम झाल्यावर पहिले ५०० किलोमीटर जड ओझे आणि लांब चढ टाळा, मग ऑइल पुन्हा थाळीत काढा आणि चुंबक पुसून बघा.